एमपाथबी म्हणजे नक्की कोण?

लिनक्समध्ये एक सोय आहे. तिचं नावच ‘यूझर फ्रेंडली नेम्स’, म्हणजे वापरणाऱ्याला आपलीशी वाटावीत अशी नावं. ही सोय चालू केली की स्टोरेजच्या पेटीतून आलेल्या पहिल्या डिस्कचं नाव पडतं एमपाथए, दुसरीचं एमपाथबी, तिसरीचं एमपाथसी. झाली मैत्री!

माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण संगणकातल्या वस्तूंची नावं आणि त्यांची ओळख यांवर आहे. त्यामुळे अशा नावांकडे मी जरा खवचटपणेच बघते, हे आधी सांगून टाकते. पण नाव कुरूप आहे ही माझी तक्रार नाही. कुरूप नावानं काम भागतं. डिस्कवरचं सगळं पुसून टाकणारी आज्ञा देताना माणसाचा हात क्षणभर थांबला पाहिजे, आणि तो थांबवण्याची ताकद नावात असायला हवी. एमपाथबी या नावात ती नाही, उलट हात सराईतपणे पुढे जावा अशीच त्याची घडण आहे.

आधी प्रकार काय आहे ते बघू. तुमच्या लॅपटॉपची डिस्क आतच असते, तिच्याकडे जायला एकच वाट. संशोधन संस्था, बँका, मोठी हॉस्पिटलं यांच्याकडे मात्र डेटा ठेवायला वेगळी पेटी असते. तिच्यात पुष्कळ डिस्क असतात आणि त्या एकत्र करून केलेला एखादा खंड सर्व्हरला ‘डिस्क’ म्हणून दिला जातो. या खंडाला धंद्यातली माणसं ‘लन’ म्हणतात. सर्व्हर आणि पेटी यांच्यात एकच तार टाकली आणि ती तुटली तर सगळं ठप्प. म्हणून सर्व्हरमध्ये दोन कार्डं, पेटीला दोन कंट्रोलर. प्रत्येक कार्ड दोन्ही कंट्रोलरपर्यंत पोचतं, म्हणजे एकूण चार वाटा.

आणि इथेच गंमत होते. लिनक्सला तोच एक लन चार वेळा दिसतो, म्हणून तो त्याला चार नावं देऊन मोकळा होतो: एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई. ही नावं डिस्कची नाहीतच, वाटांची आहेत. शिवाय ती सापडण्याच्या क्रमानं मिळतात, आणि अलीकडच्या कर्नेलमध्ये हा शोध समांतर चालत असल्यामुळे आजची एसडीबी उद्या रीबूटनंतर एसडीडी होऊ शकते.

मल्टिपाथ नावाची यंत्रणा हा गोंधळ निस्तरते. ती प्रत्येक वाटेनं जाऊन पलीकडच्या वस्तूला विचारते, तू कोण? चारही वाटांवरून एकच उत्तर आलं की ती समजते, ही एकच डिस्क आहे. मग चार वाटांची मोळी बांधून ती एकच उपकरण समोर ठेवते. एक वाट तुटली तर काम उरलेल्या तीन वाटांनी चालू राहतं. ही कल्पना झकास आहे आणि तिच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

डिस्क जे उत्तर देते ते मला विशेष आवडतं. नेहमीच्या प्रकारात ते १२८ बिटांचं असतं. पहिले ४ बिट सांगतात की पुढचा मजकूर कोणत्या पद्धतीनं वाचायचा. पुढचे २४ बिट म्हणजे पेटी बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, आणि तो आय-ट्रिपल-ई ही संस्था देते. उरलेले १०० बिट कंपनीनं आपल्या हिशोबानं भरायचे, पण पुन्हा तोच आकडा कुठल्याही दुसऱ्या लनला द्यायचा नाही. सोळाच्या पटीत लिहिलं की ही ३२ अक्षरं होतात. लिनक्स त्याच्या पुढे ओळखीचा प्रकार सांगणारा ३ चा आकडा लावतो आणि ३३ अक्षरांचा तो लांबलचक डब्ल्यूडब्ल्यूआयडी तयार होतो. वरवर तो निरर्थक दिसतो, पण वाचता आला तर त्यात आडनाव सापडतं. ३६००६०१६ अशी सुरुवात दिसली की जाणकार लगेच म्हणतो, ही क्लॅरियनच्या घराण्यातली पेटी.

पण रात्री दोन वाजता फोनवर कोणाला ३३ अक्षरं वाचून दाखवायची वेळ आली तर? एक अक्षर गळलं की दुसरीच डिस्क. म्हणून सोपं नाव हवं, ही गरज खरी आहे. मैत्रीच्या नावांची सोय करणाऱ्यांनी ती ओळखली, एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. आणखी एक श्रेय असं, की हे नाव एसडीबीसारखं प्रत्येक रीबूटला बदलत नाही. ‘बाइंडिंग्ज’ नावाच्या एका साध्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर एक नाव आणि एक आयडी लिहिलेला असतो. डिस्क पहिल्यांदा दिसली की पुढचं मोकळं अक्षर तिला मिळतं आणि ती जोडी फाइलमध्ये नोंदली जाते. पुढच्या वेळी तीच डिस्क दिसली की तेच नाव.

आता या ‘पहिल्यांदा दिसली की’ मध्ये सगळी मेख आहे. पहिल्यांदा कोणाला दिसली? प्रत्येक सर्व्हर आपली फाइल आपणच लिहितो. एकाच पेटीतले तीन लन दोन सर्व्हरना दिले, आणि दुसऱ्या सर्व्हरला ते वेगळ्या क्रमानं दिसले, तर इकडची एमपाथबी तिकडची एमपाथसी होते. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघांत फोनवर बोलणं झालं की दोघंही गोत्यात.

माझं गाव कडाव, तालुका कर्जत. आमच्या भागात हा प्रकार समजावायला फार शब्द लागत नाहीत, कारण आमच्याकडे ठाकूरवाड्या आहेत. ठाकरांची वस्ती ती ठाकूरवाडी. कर्जत-खालापूरकडे एक नाही, अनेक आहेत. कर्जतहून खंडाळ्याकडे चढणाऱ्या घाटात रेल्वेचीही एक ठाकूरवाडी आहे. गावातल्या माणसाला ‘ठाकूरवाडीला चाललोय’ म्हटलं की पुरतं, कारण गावातून दिसणारी ठाकूरवाडी एकच. शेजारच्या गावात तेच वाक्य बोललात तर दुसऱ्याच डोंगराकडे बोट दाखवतील. नाव चुकीचं नाही. ते गावापुरतं खरं आहे आणि वस्तूचा फक्त प्रकार सांगतं. एमपाथबी हे अगदी असंच नाव आहे: ‘अनेक वाटांनी पोचता येणाऱ्यांपैकी दुसरी’. बरं, तालुक्याचं नाव जोडून तरी सुटका होते का? कर्जत नावाचे तालुकेही दोन आहेत, एक आमचा रायगडातला आणि दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यातला. जिल्हा लिहावा, तर १९८१ पर्यंत आमचा जिल्हा कुलाबा होता आणि जुन्या कागदांवर अजून तेच आहे.

यावर संगणकशास्त्रात फार पूर्वी विचार झालेला आहे. जॉन शॉक यांनी १९७८ मध्ये एक साधी विभागणी मांडली: नाव सांगतं आपल्याला काय हवंय, पत्ता सांगतो ते कुठे आहे आणि मार्ग सांगतो तिथे जायचं कसं. एमआयटीच्या जेरोम सॉल्टझर यांनी १९८२ च्या लेखात ती आणखी नीट केली. हा लेख पुढे १९९३ मध्ये आरएफसी १४९८ म्हणून इंटरनेटच्या दस्तऐवजांत पुन्हा छापला गेला. त्यांचं म्हणणं असं की कुठल्याही जाळ्यात चार वेगवेगळ्या गोष्टींना नाव लागतं. सेवा, ती सेवा देणारं यंत्र, ते यंत्र जाळ्याला जिथे जोडलंय ती जागा आणि दोन जागांमधली वाट. यातली प्रत्येक गोष्ट दुसरीपासून सुटू शकते. सेवा एका यंत्रावरून दुसरीकडे नेता येते, यंत्र एका खुंटीवरून काढून दुसऱ्या खुंटीला लावता येतं. म्हणून एकाचं नाव दुसऱ्याला चिकटवायचं नाही. दोन्ही वेगळी ठेवायची आणि त्यांची गाठ कुठेतरी लिहून ठेवायची. या गाठीला सॉल्टझर ‘बाइंडिंग’ म्हणतात. मल्टिपाथच्या फाइलचं नावही तेच आहे, हे वाचून मला पहिल्यांदा फार बरं वाटलं होतं.

पण मग फाइल उघडून बघितली. तिच्यात गाठ आहे, पण कोणत्या दोन गोष्टींची? एका बाजूला लनची ओळख, म्हणजे यंत्राच्या पातळीवरची वस्तू. दुसऱ्या बाजूला एक अक्षर. त्या लनवर काय ठेवलंय, कोणासाठी, ही सॉल्टझरची पहिली पातळी, ‘काय हवंय’ची. ती या फाइलमध्ये कुठेच नाही. आणि उपसर्ग कुठून आणला, तर ‘मल्टिपाथ’मधून. म्हणजे मार्गावरून! आमच्या लाइनीवर भिवपुरी रोड नावाचं स्टेशन आहे. ‘रोड’ हा शब्द रेल्वेनं प्रामाणिकपणे लावलाय: हे भिवपुरी नव्हे, भिवपुरीकडे जायला इथे उतरा. एमपाथबी नाव ठेवणाऱ्यांनी ‘रोड’ तेवढा घेतला आणि भिवपुरी गाळून टाकली.

आता कागदोपत्री सूचनांकडे येऊ, कारण माझा खरा राग तिथे आहे. मूळ मल्टिपाथमध्ये ही सोय बंद असते. रेड हॅटच्या पद्धतीनं मल्टिपाथ चालू करणारी तयार आज्ञा दिली की ती चालू होते. म्हणजे नवख्या माणसाला विचारलं जातच नाही, नावं आपोआप पडतात. आणि त्याच रेड हॅटच्या माहितीपुस्तिकेत पुढे सांगितलेलं असतं की हे नाव त्या सर्व्हरपुरतंच एकमेव असतं, दुसऱ्या सर्व्हरवर तेच असेल याची खात्री नाही. क्लस्टरमध्ये सारखी नावं हवी असतील तर बाइंडिंग्जची फाइल सगळीकडे कॉपी करा किंवा स्वतः टोपणनावं द्या. ही ओळ खरी आणि उपयोगी आहे, पण ती यायची जागा चुकली आहे. ती सोय चालू होतानाच समोर यायला हवी. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवण्यात काय अर्थ?

काळाच्या ओघात या नावांत सुधारणा झाली ती कोणती? रेड हॅटच्या पाचव्या आवृत्तीत एमपाथ०, एमपाथ१ असे आकडे होते, सहाव्या आवृत्तीपासून अक्षरं आली. फाइल पूर्वी ‘व्हार’खाली असायची, ती ‘ईटीसी’त हलवली, कारण बूट होताना ‘व्हार’ अजून जोडलेलं नसलं तर ती सापडायची नाही. ही दुरुस्ती योग्यच. तरी बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये या फाइलची वेगळी प्रत असते. मूळ फाइल बदलली आणि ती प्रत पुन्हा बांधली नाही, तर सुरुवातीची नावं आणि नंतरची नावं एकमेकांशी भांडतात. एवढी डागडुजी झाली ती सगळी नाव टिकावं म्हणून. नावातून काय कळावं, याला कोणी हात लावलेला दिसत नाही.

‘पण मी एलव्हीएम वापरतो, मला काय फरक पडतो?’ असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. एलव्हीएम डिस्कवर स्वतःचा शिक्का लिहून ठेवतं आणि त्यावरूनच डिस्क ओळखतं. एमपाथबीची एमपाथके झाली तरी त्याचं काही अडत नाही. माझा मुद्दाच तो आहे. यंत्राला हे नाव लागत नाही. ते लागतं माणसाला, आणि तेही नेमकं अशा वेळी जेव्हा तो डिस्क फॉरमॅट करणार असतो, तिच्यावर दुसरं काही ओतणार असतो किंवा पेटीवरून ती काढून टाकणार असतो.

एका प्रयोगशाळेत घडलेलं सांगते, नाव सांगत नाही. सर्व्हरची आतली डिस्क गेली, लिनक्स नव्यानं टाकलं. स्टोरेजला धक्का लागला नव्हता, त्यामुळे सगळे निर्धास्त. बाइंडिंग्जची फाइल मात्र जुन्या डिस्कबरोबर गेली होती. नवीन सर्व्हरनं लन नव्या क्रमानं पाहिले आणि अक्षरं नव्यानं वाटली. रॅकच्या दारावर जुनी चिठ्ठी होती: एमपाथबी, तात्पुरती कामं. ठेकेदाराचा माणूस तीच तात्पुरती डिस्क कोरी करायला बसला. त्यानं फॉरमॅटची आज्ञा दिली. यंत्रानं इशारा दिला की इथे आधीच एक्सएफएस फाइल सिस्टिम आहे, जबरदस्ती करायची असेल तर तसं सांगा. इशारा खरा होता, पण त्याला काहीच नवीन कळलं नाही, कारण तात्पुरत्या डिस्कवरही एक्सएफएसच असायला हवी होती. दोन्ही लन आकारानंही सारखेच. तो जबरदस्तीची खूण टाइप करत असताना तिथली एक ज्युनिअर म्हणाली, ‘सर, एकदा आयडी बघू या ना.’ पेटी बसवताना मिळालेल्या कागदावरचे आयडी आणि पडद्यावरचे आयडी लावून पाहिले, तर नवीन एमपाथबीवर दीड वर्षाची मूळ निरीक्षणं होती. दुसरी प्रत नव्हती. सगळ्यांना घाम फुटला, आणि मग चहा मागवला गेला.

त्या माणसाला मी दोष देत नाही. त्यानं नाव वाचलं, चिठ्ठीवर बघितलं, इशाराही वाचला. पडद्यावर ‘मूळनिरीक्षणे’ असं काही असतं तर त्याचं बोट उचललं गेलं असतं.

तसं नाव देता येतं. मल्टिपाथच्या मुख्य फाइलमध्ये प्रत्येक आयडीसमोर एक टोपणनाव लिहायची सोय आहे, आणि लिहिलंत तर आपोआप पडणारं नाव मागे पडतं. नाव अर्थात रोमन अक्षरांत लिहायचं, मधे मोकळी जागा सोडायची नाही. ‘एमपाथ’पासून सुरू होणारं टोपणनाव तेवढं टाळायचं, नाहीतर आपोआप पडणाऱ्या नावाशी टक्कर होते. मग हीच मुख्य फाइल सगळ्या सर्व्हरवर सारखी ठेवायची आणि ती पेटीबाहेर, छापून, दुसऱ्या खोलीतही ठेवायची. दहा लनसाठी हे अर्ध्या तासाचं काम आहे. तरी ते होत नाही, कारण मैत्रीची नावं आधीच पडलेली असतात आणि काम चालू असतं.

टोपणनावातही माणसं काय काय करतात! ‘५टीबी’ म्हणून ठेवलेला लन पुढच्या वर्षी वाढवून आठचा होतो, नाव पाचचंच. ‘न्यू’ म्हणून ठेवलेला तर सगळ्यांत जुना निघतो. पुण्यातला छत्रपती शिवाजी पूल १९२३ चा आहे आणि त्याला अजूनही नवा पूल म्हणतात. पण तिथे पूल एकच असल्यामुळे कोणी चुकत नाही. पेटीच्या किंवा रॅकच्या जागेवरून ठेवलेलं नावही फसतं, डेटा दुसऱ्या पेटीत हलवला की संपलं.

जागेवरून नाव ठेवूच नये असं मात्र नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचं उदाहरण घ्या. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. मधल्या चौकातल्या १४ ना सी अक्षर, पूर्वेच्या बाहूला ई, पश्चिमेला डब्ल्यू, दक्षिणेला एस. डब्ल्यू०४ म्हटलं की दिशा कळते, बाहू कळतो. ते चालतं कारण ४५ मीटरची अँटेना कोणी उचलून दुसरीकडे नेत नाही. शिवाय त्या यादीत फटी आहेत: सी०७ नाही, ई०१ नाही, एस०५ नाही. यादी गोंडस दिसावी म्हणून कोणी नंबर मागेपुढे सरकवले नाहीत, हे मला फार आवडतं. बाइंडिंग्जच्या फाइलमधली एखादी ‘जुनी’ ओळ साफसफाई म्हणून पुसली, तर तिचं अक्षर उद्या भलत्याच डिस्कला मिळू शकतं. तेव्हा ती फट तशीच राहू द्या.

माझ्या मते नमुना म्हणून बघायचा तर सातबारा. वरच्या भागात भूमापन क्रमांक असतो, आणि त्याच भागात ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकानाही असतो. बऱ्याच उताऱ्यांवर तो कोरा दिसतो ते सोडा. ज्यानं तो नमुना केला त्याला कळलं होतं की व्यवहार क्रमांकावर होतो आणि ओळख नावानं पटते, म्हणून दोन्ही एकाच कागदावर हवीत. मल्टिपाथची यादी मागितली की तीही नाव आणि कंसात आयडी असं शेजारी शेजारी दाखवते. पण फॉरमॅटच्या आज्ञेत, स्क्रिप्टमध्ये, रॅकवरच्या चिठ्ठीत नाव एकटंच प्रवास करतं. चिठ्ठी लावायचीच असेल तर तिच्यावर आयडीची शेवटची सहा अक्षरं तरी लिहा. सुरुवातीची नकोत, ती आडनावाची असतात आणि एका पेटीतल्या सगळ्यांची सारखीच.

शेवटी एक गुंता राहतो, त्याला टोपणनावाचा इलाज नाही. हा आयडीसुद्धा लनची ओळख आहे, डेटाची नाही. पेटीवर लनची हुबेहूब प्रत काढली तर प्रतीला नवा आयडी मिळतो, म्हणजे मल्टिपाथच्या दृष्टीनं ती परकी डिस्क. आतल्या फाइल सिस्टिमचा स्वतःचा यूयूआयडी मात्र प्रतीत जसाच्या तसा येतो. म्हणजे बाहेरून दोन, आतून एकच. मूळ आणि प्रत दोन्ही एकाच सर्व्हरला जोडल्या की फक्त यूयूआयडी बघणाऱ्याला कोणती कोणती ते सांगता येत नाही. एक्सएफएस अशा वेळी अडून बसतं: या यूयूआयडीची एक फाइल सिस्टिम आधीच चालू आहे, दुसरी जोडणार नाही. ‘नोयूयूआयडी’ असं स्पष्ट लिहून दिलंत तरच जोडतं. रात्री दोन वाजता ते वैताग आणतं खरं, पण त्या नऊ-दहा सेकंदांत आपण यादी पुन्हा एकदा वर सरकवून बघतो.